सौदा मोडायचाय? आधी हिशेब करा

इसार घेतलाय, चिठ्ठीवर सही झालीय आणि आता विकायचं मन राहिलेलं नाही. अशा वेळी पहिलं काम एकच: घेणाऱ्याला आजच कळवा. वकील उद्या गाठा, नवं गिऱ्हाईक परवा बघा. सौदा मोडण्याचा खर्च रोज वाढतो, कारण समोरचा माणूस तुमच्या शब्दावर रोज काहीतरी करत असतो. तो बँकेत अर्ज टाकतो, सोनं मोडतो, आपलं दुसरं वावर विकायला काढतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचं हे सगळं नुकसान पुढे तुमच्या नावावर मांडलं जातं.

बुलढाणा जिल्ह्यात विकणाऱ्याचं मन फिरायला कारणंही मिळतात. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तर शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची बातमी अधूनमधून येते आणि प्रत्येक बातमीबरोबर रस्त्याकडेच्या वावराचा भाव तोंडी वाढतो. दिवाळीत ठरलेला भाव संक्रांतीला कमी वाटू लागतो.

हे मार्गदर्शन दोन खाजगी माणसांमधल्या सौद्यापुरतं आहे. शेत, प्लॉट, घर, बैलजोडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल असं काहीही असो. दोन गोष्टी आधीच मनातून काढून टाका. सात दिवसांत किंवा पंधरा दिवसांत सौदा मागे घेता येतो असा नियम खाजगी विक्रीला नाही. आणि असल्या भांडणासाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण शेजाऱ्याला बैल किंवा वावर विकणारा माणूस कायद्याच्या नजरेत व्यापारी नसतो. ही भांडणं दिवाणी न्यायालयात जातात, नाहीतर लोकअदालतीत मिटतात.

सौदा कुठवर आलाय?

खर्च किती येईल ते यावरच ठरतं.

नुसती बोलणी झाली असतील, पैसे घेतले नसतील, कागद नसेल, तर फोन करा आणि स्पष्ट नाही म्हणा. खर्च शून्य. तोंडी सौद्यालाही कायद्यात किंमत आहे, पण तो सिद्ध करणं घेणाऱ्याला अवघड जातं. व्हॉट्सॲपवर 'पक्कं झालं, गुरुवारी या' असं तुम्ही लिहून ठेवलं असेल, किंवा फोनपेवर पाच हजार घेतले असतील, तर मात्र ते तोंडी राहिलं नाही. तो पुरावा आहे.

इसारचिठ्ठी किंवा सौदाचिठ्ठी झाली असेल तर ती बाहेर काढा आणि चार ओळी शोधा: एकूण रक्कम, इसाराची रक्कम, खरेदीची मुदत आणि 'कोणी मोडल्यास काय' ही ओळ. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांमध्ये ही शेवटची ओळ बहुधा अशी असते: घेणाऱ्यानं मोडलं तर इसार बुडाला, देणाऱ्यानं मोडलं तर इसाराच्या दुप्पट परत. अर्जनवीस ती सवयीनं टाकतो आणि दोन्ही बाजू न वाचता सही करतात.

या ओळीचा कायद्यातला अर्थ नीट समजून घ्या. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे चिठ्ठीत लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. सर्वोच्च न्यायालयानं 1963 साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे सांगितलं आणि पुढेही तीच भूमिका ठेवली. म्हणून 'दुप्पट द्यावेच लागतील' हे घेणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं खरं नाही. 'इसार परत दिला की मोकळे झालो' हे तुमचं म्हणणंही खरं नाही. लोक फसतात ते या दुसऱ्या समजुतीत.

कारण घेणारा पैसे मागण्याऐवजी जमीनच मागू शकतो. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. त्याआधी न्यायाधीश विकणाऱ्याची अडचण पाहून खरेदीखत करून देण्याचा हुकूम नाकारू शकत होते. आता ती मोकळीक जवळपास काढून घेतलेली आहे. घेणारा सुरुवातीपासून पैसे घेऊन तयार होता एवढं त्यानं सिद्ध केलं, तर खरेदीखत करून देण्याचा हुकूम हा नियम झाला आहे. दाव्यासाठी त्याला तीन वर्षं मिळतात. चिठ्ठीत मुदत असेल तर ती संपल्या दिवसापासून, नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळलं त्या दिवसापासून. चिठ्ठी साध्या कागदावर आहे, नोंदणी झालेली नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. नोंदणी कायद्याच्या कलम 49 प्रमाणे नोंदणी नसलेला करारही अशा दाव्यात पुरावा म्हणून चालतो. मुद्रांक कमी असेल तर दंड भरून तो कागद दाखल करता येतो.

'मुदत संपली, सौदा आपोआप रद्द' हा समजही गावोगावी आहे. जमिनीच्या व्यवहारात मुदत साधारणपणे कराराचा गाभा धरली जात नाही. 1993 च्या चांद राणी विरुद्ध कमल राणी या निकालात पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं हेच सांगितलं, आणि त्याच वेळी हेही सांगितलं की चिठ्ठीच्या शब्दांवरून मुदत पक्की मानायची होती असं दिसलं तर ती पक्की. म्हणून मुदत संपायची वाट बघत बसणं हा मार्ग नव्हे. घेणाऱ्यानंच उशीर केला असेल तर मुदत संपण्याआधी त्याला लेखी कळवा: अमुक तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात उरलेली रक्कम घेऊन या, मी हजर आहे. तो आला नाही तर तुमची बाजू भक्कम होते.

जास्त भाव आला म्हणून

एक हिशेब मांडून बघा. समजा दोन एकरांचा सौदा 24 लाखांना ठरला, इसार 2 लाख घेतला आणि दुसरा माणूस 28 लाख देतो म्हणाला. वरवर पाहता 4 लाखांचा फायदा. आता वजाबाकी करा. चिठ्ठीत दुप्पट लिहिलंय, म्हणजे इसार परत देऊन वर 2 लाखांपर्यंत मागणी येणार. दलालानं सौदा जमवून दिलाय, त्याची दलाली तो सोडणार नाही. नव्या सौद्यालाही दलाल आहेच. पहिल्या घेणाऱ्यानं दावा लावला तर तुम्हाला वकील करावा लागेल आणि दावा काही वर्षं चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 28 लाखवाल्याला पहिल्या सौद्याची माहिती असेल, तर त्याच्या नावावर खरेदी होऊनही ती जमीन पहिल्या घेणाऱ्याच्या हक्काखाली राहते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 19 तसं सांगतं. गावात सौदा कोणापासून लपत नाही. पहिल्या घेणाऱ्यानं वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली की माहिती नव्हती म्हणायची सोयही संपते. 28 लाखवाला मग आपले पैसे तुमच्याकडेच मागतो. दोन्हीकडचे दावे एकाच वावरावर.

त्यामुळे पैशाच्या हिशेबातही हे परवडत नाही. पण हिशेब सोडून माझं मतही सांगतो. केवळ जास्त भाव मिळतोय म्हणून घेतलेला इसार परत फेकणं चुकीचं आहे, ते व्यवहारचातुर्य नाही. भाव पडला असता तर तुम्ही घेणाऱ्याला त्याच भावाला धरलं असतं. मग वाढला तेव्हा तुम्हीही त्याच भावाला बांधलेले आहात.

खरी अडचण वेगळी असते. मुलाची नोकरी गेली आणि तो गावी परत येतोय, आता वावर हवंय. आजारपणासाठी विकत होतो, पण नातेवाइकांनी पैसे उभे केले. विकणारी बाई एकटी आहे आणि राहतं घर गेल्यावर कुठं जायचं याचा विचार तिनं नंतर केला. अशी कारणं घेणाऱ्याला तोंडावर, चार माणसांत, खरी सांगितली तर बरेच जण ऐकतात. खोटी कारणं मात्र महाग पडतात. 'बहीण सही करायला तयार नाही' हे आपल्याकडचं ठरलेलं कारण. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हे 2020 च्या विनिता शर्मा निकालानंतर पक्कं झालंय. म्हणून बहिणीला इसार घेण्याआधीच विचारायला हवं होतं. नंतर तिच्या नावानं सौदा मोडलात तर घेणारा तिलाही दाव्यात ओढतो आणि ती न्यायालयात येऊन 'मला कुणी विचारलंच नाही' म्हणाली की तुमची पंचाईत.

घेणाऱ्याला काय देणं लागतं

न्यायालयात न जाता मिटवायचं असेल तर घेणाऱ्यापुढे पुरा हिशेब ठेवा. इसार पूर्ण परत, एक रुपयाही कापून नाही. इसार मोठा असेल आणि काही महिने तुमच्याकडे राहिला असेल तर निदान बँकेच्या मुदत ठेवीच्या दरानं व्याज. त्याचा झालेला खर्च: शोध अहवालाची वकील फी, मोजणीची फी, बँकेची कर्ज प्रक्रिया फी, जाहीर सूचनेचा खर्च. पावत्या मागा, पण घासाघीस करू नका. एवढ्यावर बहुतेक माणसं थांबतात. ती थांबली नाहीत तर चिठ्ठीतल्या दंडाचा काही भाग द्यायची तयारी ठेवा.

त्यानं मुद्रांक शुल्काचं चलन भरून ठेवलं असेल तर तेही विचारा. न वापरलेल्या मुद्रांकाचा परतावा मिळतो, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो आणि काही रक्कम कापली जाते. ती कपात तुमच्यामुळे झाली, म्हणून ती तुम्ही भरायची.

पैसे परत कसे द्यायचे याला फार जपा. इथे एक लपलेला खर्च आहे, जो अर्जनवीस सांगत नाही. जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही आणि सौदा मोडल्यावर रोखीनं परतही करता येत नाही. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे दंड तेवढ्याच रकमेचा. म्हणजे 2 लाख रोख घेतले तर 2 लाख दंड, रोख परत दिले तर पुन्हा तेवढाच. दोन्ही बाजूंचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि दोघांनाही कर लागत नसेल तर रोख घेण्याला सूट आहे. पण घेणारा शिक्षक, दुकानदार किंवा पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या असेल तर ती सूट नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये असंही सांगितलं की 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचा उल्लेख दाव्यात आला तर न्यायालयानं ते प्राप्तिकर विभागाला कळवावं. म्हणून इसार घेणं आणि परत देणं, दोन्ही बँक खात्यातून, आणि परत देताना ज्या खात्यातून आला त्याच खात्यात.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. सौदा घेणाऱ्यानं मोडला आणि तुम्ही इसार ठेवून घेतला, तर प्लॉट-घराच्या बाबतीत ती रक्कम तुमचं करपात्र उत्पन्न ठरते. शहरापासून दूर असलेल्या ग्रामीण शेतजमिनीला हे लागत नाही. आणि ठेवून घेता येतो तो फक्त इसार, हप्त्यानं घेतलेली बाकी आगाऊ रक्कम नाही. दोन्हीत फरक आहे आणि चिठ्ठीत 'इसार' शब्द नसेल तर तोही हक्क डळमळीत होतो.

कागद काय करायचे

साध्या इसारचिठ्ठीचा सौदा मोडताना 500 रुपयांच्या मुद्रांकावर रद्द करारनामा लिहा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 रुपयांचा मुद्रांक अशा कामांना चालत नाही. कुणी जुना 100 चा कागद पुढे केला तर घेऊ नका. मजकूर मोठा नको. मूळ चिठ्ठीची तारीख, गट क्रमांक, परत दिलेली रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, आणि 'यापुढे या मिळकतीवर माझा कोणताही हक्क किंवा मागणी नाही' हे घेणाऱ्याच्या तोंडचं वाक्य. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, सगळ्यांच्या आधारच्या प्रती. मूळ इसारचिठ्ठी परत घ्या. ती घेणाऱ्याकडेच राहिली आणि तुमच्याकडे नुसती पावती, असं करू नका.

साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असेल तर ते नोंदलेल्या रद्दलेखानंच मोडतं. नोटरीचा शिक्का पुरत नाही. दोघंही कार्यालयात हजर लागतात, शिवाय आधार, पॅन, मूळ साठेखत आणि दोन साक्षीदार. वेळ आधी ऑनलाइन घेतली असेल तर काम त्याच दिवशी होतं. मुद्रांक 500 रुपयांचा, नोंदणी फी आणि दस्ताच्या पानांमागे हाताळणी शुल्क वेगळं. दस्त लिहून देणाऱ्याची फी सरकारी नसते, ती आधी ठरवून घ्या. 'साहेबांचं' म्हणून मागितलेली रक्कम कुठल्याही पावतीवर येत नाही. ती देऊ नका आणि पावती मागा.

साठेखतात ताबा दिल्याचं लिहिलं असेल तर प्रकरण महागात जातं. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात ताब्यासह साठेखत हे खरेदीखतासारखंच धरलं जातं आणि पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. ते रद्द करताना जमीन उलट तुमच्या नावावर येतेय असं धरून पुन्हा शुल्क मागितलं जाऊ शकतं. म्हणून सौदा पक्का होईपर्यंत ताबा देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर घेणारा म्हणतो, 'खरेदी दिवाळीनंतर करू, यंदाची पेरणी मला करू द्या.' तुम्हालाही बरं वाटतं, पैसे सुटे होतात. पण त्याचं सोयाबीन तुमच्या वावरात उभं असताना सौदा मोडायची वेळ आली, तर बी-बियाणं, खत, मजुरी आणि उभं पीक एवढी सगळी भरपाई मध्ये येते. पेरणी करू द्यायचीच असेल तर एका हंगामाचा ठोक्याचा वेगळा कागद करा आणि सौद्याचा त्यात उल्लेख नको.

खरेदीखत झाल्यावर

एकदा खरेदीखत नोंदलं गेलं की मन बदलण्याला जागा उरत नाही. एकट्यानं जाऊन रद्दलेख करून देता येत नाही, आणि कुणी करून देतो म्हणाला तर तो तुमचे पैसे खातोय. दोघंही राजी असाल तर उलट खरेदीखत करा. त्याला मुद्रांक शुल्क पुन्हा पूर्ण लागतं, आणि तेही ठरलेली रक्कम किंवा रेडीरेकनरचा भाव यांपैकी जे जास्त असेल त्यावर. वर 1 टक्का नोंदणी फी, कमाल 30 हजार.

दुसरा आडमार्ग म्हणजे फेरफाराला हरकत. खरेदीनंतर फेरफार टाकला जातो आणि हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. काही विकणारे तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज टाकून घेणाऱ्याला दमवतात, वर चार पैसे काढतात. असं करू नका. मंडळ अधिकारी नोंदलेलं खरेदीखत रद्द करू शकत नाही, फक्त प्रकरण लांबतं. तुम्ही घेणारे असाल तर अशा हरकतीला घाबरून पैसे देऊ नका. तारखेला हजर राहा आणि खरेदीखत दाखवा.

खरी तक्रार फसवणुकीची असेल तर गोष्ट वेगळी. वृद्ध आईला 'सही कर, कर्जाचा कागद आहे' सांगून खरेदीखतावर अंगठा घेतला, अशा प्रकारात खरेदीखत रद्द करण्याचा दावा तीन वर्षांत करता येतो. ही मुदत फसवणूक कळल्यापासून मोजतात. पण 'भाव कमी मिळाला' एवढंच कारण पुरत नाही. 'घेणाऱ्याला महामार्गाची आखणी माहीत होती, त्यानं मला सांगितलं नाही' हेही सहसा पुरत नाही. फायद्याची माहिती तुम्हाला आणून देणं हे घेणाऱ्याचं काम नाही. ती तुम्ही तहसीलमध्ये आणि भूसंपादन कार्यालयात विकण्याआधी विचारायची.

आणि पैसे हातात पडण्याआधी सही करू नका. 'उरलेले पुढच्या आठवड्यात देतो, आज नोंदणी करून टाकू' याला नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये दहिबेन प्रकरणात सांगितलं की रक्कम पूर्ण मिळाली नाही म्हणून नोंदलेली विक्री रद्द होत नाही. उरलेल्या पैशासाठी वेगळा दावा करायचा, जमीन मात्र गेली. धनादेश देत असेल तर तो खात्यात जमा होऊ द्या, मगच निबंधकासमोर बसा.

विक्री नव्हतीच, कर्ज होतं

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला हवं. लग्नासाठी, दवाखान्यासाठी खाजगी माणसाकडून व्याजानं पैसे घेतले आणि तारण म्हणून त्यानं खरेदीखत करून घेतलं. तोंडी ठरलं की पैसे फेडले की वावर परत. पैसे फेडले, वावर परत येत नाही. हा मन बदलण्याचा प्रश्न नाही. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याच्या कलम 18 खाली असं खरेदीखत सावकारीपोटी झालं असं सिद्ध झालं तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, जमीन परत करण्याचा हुकूम देऊ शकतात. मागच्या 15 वर्षांतल्या व्यवहारांपर्यंत जाता येतं. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात किंवा बुलढाण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे द्या.

सोबत काय लागेल? खरेदीखताची प्रत, त्या काळातला सातबारा आणि फेरफार, पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी आणि खरेदीनंतरही वावर तुम्हीच कसत होतात याचा पुरावा. पीकपाहणीची नोंद, पीकविम्याची पावती, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या असं काहीही चालेल. रेडीरेकनरपेक्षा फार कमी रकमेचं खरेदीखत आणि त्याच माणसाच्या नावावर गावातल्या चारपाच जणांच्या खरेद्या, या दोन गोष्टी चौकशीत फार बोलक्या ठरतात. गावातल्या खरेद्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकावरून शोधता येतात. ज्याच्यावर हा प्रसंग आला त्यानं लाजेनं गप्प राहू नये. अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या.

बैल, ट्रॅक्टर, मोटारसायकल

इथे खर्च कमी असतो, पण सौदा फार पटकन पक्का होतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरतो, हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, हातात पैसे ठेवतो आणि कासरा बदलतो. कासरा गेला की बैल गेला. वस्तू विक्री कायदा 1930 प्रमाणे ठरावीक वस्तूचा सौदा झाला की मालकी दोघांनी ठरवल्या वेळी जाते. म्हणून बैल द्यायचा नसेल तर बाजार समितीची पावती फाडण्याआधी सांगा. पावती फाटल्यावर फी परत मिळत नाही आणि बैल परत हवा असेल तर हेडी चढा भाव लावतो, तो त्याचा हक्कही आहे. 1 जून 2024 पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर करायला विसरू नका.

गाडी विकताना पस्तावा वेगळा असतो: विकली, पण नाव बदललं नाही. मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सही घेऊन घेणारा गाडी घेऊन जातो आणि कागद सहा महिने डिकीत पडून राहतात. 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही तुमची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलं की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते. म्हणून एमएच-28 ची गाडी दिलीत की परिवहन विभागाच्या पोर्टलवर लगेच अर्ज टाका. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना 35 आधी. आणि सौदा मोडत असाल तर कोऱ्या 29-30 वरच्या तुमच्या सह्या परत मागून फाडून टाका. या कोऱ्या सह्यांवर गाडी तिसऱ्याच्या नावावर जाऊ शकते.

इसार घेण्याआधी

सातबारा आणि आठ-अ प्रत्येकी 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तो काढा. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल किंवा जमीन आदिवासी मालकाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय इसार घेऊ नका. घेणारा शेतकरी आहे का हेही विचारा. विदर्भाच्या 1958 च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही आणि असा सौदा पुढे तुमच्याच गळ्यात येतो. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा विकत असाल तर तो नोंदला जाईल का हे आधी निबंधक कार्यालयात विचारा.

घरात सगळ्यांना आधी विचारा, बायकोला पहिल्यांदा. चिठ्ठीत एक ओळ स्वतःहून घालायला सांगा: 'सहीच्या तारखेपासून 10 दिवसांत कोणत्याही बाजूनं इसार पूर्ण परत करून किंवा परत घेऊन सौदा मोडता येईल.' कायदा देत नाही ती मोकळीक तुम्ही दोघं मिळून लिहू शकता. चांगला घेणारा याला नाही म्हणत नाही, कारण त्यालाही ती तितकीच उपयोगी आहे. इसार कमी घ्या. पंधरा-वीस टक्के रक्कम हातात आली की ती खर्च होते, आणि खर्च झालेला इसार परत देता येत नाही म्हणून कितीतरी लोक नको असलेला सौदा पुरा करतात.

भांडण पेटलंच तर पोलीस ठाण्यात धावू नका. सौदा मोडणं हा आपोआप फौजदारी गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता, एकच वावर दोघांना विकलं, असं असेल तरच तो होतो. आधी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करा. फी नाही. दुसऱ्या बाजूला नोटीस जाते, दोघांना समोर बसवतात आणि तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकुमासारखा पक्का होतो, त्यावर अपील नाही. दावा आधीच लागला असेल आणि तो तिथे मिटला तर भरलेली न्यायालय फी परत मिळते. हे महत्त्वाचं आहे, कारण खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याची फी पूर्ण सौद्याच्या रकमेवर लागते, नुसत्या इसारावर नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असलेले यांना वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100. जाताना इसारचिठ्ठी, बँकेचा उतारा, आलेल्या-गेलेल्या संदेशांच्या छापील प्रती आणि पाठवलेल्या नोटिशीची स्पीड पोस्टची पोच सोबत न्या.